टॅब की पुस्तक? डोळ्यांचा हिशोब वेगळाच

शाळा सुरू होऊन महिना झाला की सरकारी रुग्णालयांच्या नेत्रविभागात दप्तरासकट आलेली मुले दिसू लागतात. तक्रार बहुधा एकच. फळ्यावरचे दिसत नाही, शेजारच्याच्या वहीतून उतरवून घ्यावे लागते. सोबतच्या आईचा प्रश्नही ठरलेला असतो : ‘मोबाइलमुळेच ना, डॉक्टर?’

वर्गात टॅब आणि स्मार्ट बोर्ड किती असावेत, यावर सध्या जगभर वाद आहे. स्वीडनने २०२३ मध्ये लहान मुलांच्या वर्गांत पुन्हा छापील पुस्तकांवर भर द्यायचे ठरवले. शिक्षण म्हणून योग्य काय, हे शिक्षणतज्ज्ञ ठरवतील. डोळ्याला मात्र समोर काच आहे की कागद, याच्याशी फारसे देणेघेणे नाही. वस्तू किती जवळ आहे, सलग किती वेळ पाहिली आणि भोवती उजेड किती, एवढेच त्याला कळते. पडद्याचा दोष असा की तो मुलाला तासन् तास जवळ आणि घरात धरून ठेवतो.

जन्मतः बाळाचा डोळा मागून-पुढे साधारण १७ मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी २४ मिलिमीटर. ही वाढ योग्य जागी थांबावी लागते. ती पुढे चालूच राहिली तर दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते. हीच लघुदृष्टी, बोलीभाषेत मायनस नंबर. लांबी एक मिलिमीटरने जास्त झाली की अडीच-तीन नंबर लागतो. सहाच्या पुढे नंबर गेला तर मोठेपणी पडदा सरकण्याचा आणि काचबिंदूचा धोकाही वाढतो, म्हणून ‘चष्माच तर आहे’ म्हणून सोडून देता येत नाही. भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामिन हे रसायन जास्त स्रवते आणि ते या वाढीला लगाम घालते, असे मानले जाते. वर्गातला उजेड जेमतेम ३०० ते ५०० लक्स. बाहेर उन्हात दहा हजारांच्या कितीतरी पुढे, आणि झाडाच्या सावलीतही काही हजार.

२००८ मध्ये सिंगापूर आणि सिडनी इथल्या सहा-सात वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. सिंगापुरात २९ टक्के मुलांना लघुदृष्टी होती, सिडनीत ३ टक्के. गंमत म्हणजे सिडनीची मुले पुस्तके जास्त वाचत होती! पण ती आठवड्याला सुमारे १४ तास बाहेर असत, सिंगापूरची जेमतेम तीन. पुढे चीनमधील ग्वांगजौच्या १२ शाळांत प्रयोग झाला. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा मैदानी तास दिला. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी झाली, उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के. तैवानने तर २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याची मोहीमच चालवली.

आपल्याकडे वेळापत्रकात पी.टी.चा तास असतो. परीक्षा जवळ आली की तो गणिताकडे जातो, पावसाळ्यात कोणाकडेच जात नाही. अनेक शाळांना मैदानच नाही. स्मार्ट बोर्डासाठी देणगीदार मिळतो, मैदानासाठी सहसा मिळत नाही. उन्हाचा त्रास खराच, पण सकाळची वेळ किंवा अंगणातले झाड पुरते. तिथे खेळायलाच हवे असे नाही, कवितेचा तास घेतला तरी चालेल.

मोकळ्या उजेडाचा फायदा मुख्यतः नंबर लागण्याआधी होतो. एकदा लागला की चष्मा हवाच. ‘वापरला तर नंबर वाढतो’ हा समज चुकीचा आहे. नंबर वाढण्याचा वेग कमी करणारे थेंब आणि खास काचा आता मिळतात, त्या नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. गाजर खाऊन नंबर जात नाही.

मूल डोळे बारीक करून पाहत असेल, टीव्हीजवळ सरकत असेल, तर शाळेच्या तक्रारीची वाट पाहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणी करते. गरजू विद्यार्थ्यांना अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून चष्मा मोफत मिळतो. पथक आले त्या दिवशी मूल गैरहजर असेल, तर जवळच्या सरकारी रुग्णालयात नेऊन तपासून घ्यावे.