बोट धरावें केव्हां, सोडावें केव्हां
(नभोवाणीवरील भाषण)



शाळेची पहिली घंटा होते, मुलें वर्गांत शिरतात, फाटक लागतें. आणि बाहेरच्या पायरीवर एक आई बसून राहते. तिच्या पिशवींत पाण्याची बाटली, डबा आणि बदलावयास एक सदरा असतो. तिचा मुलगा दुसरींत आहे. मध्येंच तो वर्गाबाहेर पळाला किंवा ओरडूं लागला, तर तिला आंत बोलावतात. नाहीं तर ती शाळा सुटेपर्यंत तेथेंच बसते. "तुम्ही थांबत असाल तरच त्याला ठेवून घेऊं," असें तिला प्रवेशाच्या वेळींच सांगण्यांत आलेलें असतें. अशा आया मीं एकाच नव्हे, अनेक शाळांबाहेर पाहिल्या आहेत. येणारे-जाणारे लोक म्हणतात, "काय ही माउलीची सेवा!" मला मात्र म्हणावेंसें वाटतें, कीं ही सेवा नव्हे, ही वेठ आहे. सेवा आणि वेठ ह्यांतील भेद मनांत ठेवूनच, विशेष गरजा असलेल्या मुलांना जवळच्या शाळेंत इतर पालकांची मदत कशी व्हावी, ह्याविषयीं मी आज बोलणार आहें.

प्रथम हीं मुलें कोण, तें पाहूं. १९९५ सालच्या कायद्यानें अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यानें ते २१ केले. अंधत्व, बहिरेपण, हातापायांचें अधूपण कोणाच्याहि ध्यानांत येतें. परंतु स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता ह्या गोष्टी मुलाच्या चेहऱ्यावर लिहिलेल्या नसतात. त्यामुळें अशा मुलाला सहानुभूति तर मिळत नाहींच; उलट आळशी, हट्टी, मठ्ठ हीं विशेषणें मात्र मिळतात.

हीं विशेषणें देणाऱ्यांत मीहि एक होतों. माझ्या शिक्षकीच्या आरंभीच्या वर्षांतील गोष्ट आहे. वर्गांत एक मुलगा होता. धडा एकदां ऐकला, कीं तो जसाच्या तसा सांगे. परंतु लिहावयास बसला, कीं 'घ'चा 'ध' होई, 'भ'चा 'म' होई, वेलांट्या एका अक्षरावरून उडून दुसऱ्यावर बसत. तोंडानें एवढें येतें, तर हातानें कां येत नाहीं? अर्थात् लक्ष नाहीं, असा मीं निकाल केला आणि प्रगतिपुस्तकांत तसा शेरा मारला. दुसऱ्या दिवशीं त्याची आई आली. ती भांडली नाहीं. तिनें इतकेंच विचारलें, "गुरुजी, घरीं मी वाचून दाखवलें म्हणजे तो सगळें सांगतो. मग लिहितांनाच कां अडतो?" प्रश्न अगदीं नेमका होता. त्या अक्षमतेचें नांवहि मला त्या वेळीं ठाऊक नव्हतें. मीं त्या बाईंना, "अभ्यास घेत जा," असें सांगून वाटेला लावलें.

पुढें १९९६ सालीं महाराष्ट्र शासनानें अशा मुलांना परीक्षेंत सवलती देण्यास आरंभ केला, आणि त्याच वर्षीं मुंबईंत पालक व तज्ज्ञ ह्यांनीं मिळून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था काढली. तेव्हां कोठें मला कळलें, कीं तो मुलगा आळशी नव्हता. उताराच्या दिशेनें धांवणाऱ्या मुलांच्या बरोबरीनें तो चढ चढत होता. त्याच्या आईला जें दिसत होतें, तें मला दिसत नव्हतें. शिक्षकाला शिकविण्याची पद्धति माहीत असते, तर पालकाला मूल माहीत असतें. हीं दोन ज्ञानें एके ठिकाणीं आल्यावांचून अशा मुलाचें पाऊल पुढें पडत नाहीं.

ह्या क्षेत्रांतील पुष्कळसें काम पालकांनींच उभें केलें आहे. मुंबईंत १९४४ सालीं वकील दांपत्यानें आपल्या दिना नांवाच्या मुलीसाठीं जी शाळा सुरू केली, तीच आजची जय वकील शाळा. १९७२ सालीं मिठू अलूर ह्यांनीं मेंदूच्या पक्षाघातानें अधू झालेल्या आपल्या मुलीच्या निमित्तानें स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. सर्वसामान्य शाळांचीं दारें बंद होतीं, म्हणून ह्या पालकांना वेगळीं दारें उघडावीं लागलीं.

आज कायद्यानें जवळच्या शाळेचें दारहि उघडलें आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेला शिक्षणहक्काचा कायदा ६ ते १४ वर्षांच्या सर्व मुलांना लागू आहे. २०१६ च्या कायद्यानें, ४० टक्के वा अधिक अक्षमता प्रमाणित झालेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत शेजारच्या शाळेंत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण दार उघडलें म्हणजे आंत बसावयास जागा झालीच, असें नव्हे. प्राथमिक वर्गांत सुमारें ३० मुलांमागें एक शिक्षक असावा, असें कायदा सांगतो. तो तेवढा असला तरी, एका मुलाशेजारीं तो सतत बसूं शकत नाहीं. विशेष शिक्षकाच्या वांट्यास तर बहुधा अनेक शाळा असतात. तो फिरत फिरत येतो आणि जातो. केंद्र शासनानें २०२२ सालीं अशा १० मुलांमागें प्राथमिक विभागांत, आणि १५ मुलांमागें त्यावरच्या विभागांत, एक विशेष शिक्षक असें प्रमाण सांगितलें. तें प्रमाण प्रत्येक शाळेंत उतरेल तेव्हां उतरेल. तोंवर, आणि त्यानंतरहि, मधली रिकामी जागा भरून काढण्याचें काम शेजारचे पालक करूं शकतात.

तें काम कोणतें? शिकविण्याचें नव्हे, तें शिक्षकाचें. पालकानें करावयाचीं कामें लहान आहेत, पण त्यांवांचून पुष्कळ अडतें.

पहिलें काम वाचून दाखविण्याचें. ज्याला अक्षरें छळतात, त्याला इतिहासाचा धडा कानानें मिळाला, तर त्याची बुद्धि उपाशी राहत नाहीं. आठवड्यांतून दोन दिवस, ठरलेल्या वेळीं, वीस मिनिटें एवढें त्यास पुरतें.

दुसरें काम साधनें तयार करण्याचें. काचकागदाचीं अक्षरें कापून पुठ्ठ्यावर चिकटविलीं, म्हणजे मूल बोटानें अक्षराचें वळण शिकतें. नकाशावरच्या नद्यांवर सुतळी चिकटविली, म्हणजे दृष्टिहीन मुलाला कृष्णा कोणीकडून कोणीकडे जाते, तें हातानें कळतें. स्वमग्न मुलाला अचानक झालेला बदल सहन होत नाहीं. गणिताचा तास एकाएकीं संपून सर्व वर्ग मैदानावर निघाला, कीं तो घाबरतो, आणि त्या भीतीला आपण हट्ट म्हणतों. त्याच्यासाठीं प्रार्थना, मराठी, मधली सुट्टी, चित्रकला, घर अशीं चित्रें काढून तीं क्रमानें भिंतीवर लावावीं. एकेक गोष्ट संपली, कीं तें चित्र त्यानें स्वतः उलटें करावें. पुढें काय येणार, हें कळलें म्हणजे भीति पुष्कळ उणावते. हीं चित्रें घरीं बसूनहि करतां येतात. नोकरी करणाऱ्या पालकालाहि हें काम जमण्यासारखें आहे.

तिसरें काम मधल्या सुट्टीचें. वर्गांत हें मूल निदान बांकावर तरी असतें. मधल्या सुट्टींत तें भिंतीशीं एकटें उभें असतें. तेथें एखाद्या पालकानें पांचसात मुलें जमवून, ह्या मुलालाहि घेतां येईल असा खेळ लावून द्यावा. ज्याला पळतां येत नाहीं, त्याला आकडे मोजूं द्यावें. ज्याला बोलतां येत नाहीं, त्यानें टाळी वाजवून डाव सुरू करावा. खेळ रंगला, कीं मोठ्या माणसानें बाजूला व्हावें.

हें बाजूला होणेंच सर्वांत कठीण. मुलाला बुटाचा बंद बांधतां येईना, कीं आपले हात आपोआप पुढें होतात. तो एका शब्दावर अडला, कीं आपण तो सांगून मोकळे होतों. ह्या घाईच्या दयेनें मूल पंगु होतें. म्हणून पहिला नियम असा, कीं मनांतल्या मनांत दहा आकडे मोजल्याशिवाय मदत करूं नये. आणि मदत केलीच, तर ती उतरत्या क्रमानें करावी. पेन्सिल धरतां येत नसेल, तर पहिले कांहीं दिवस आपला हात त्याच्या हातावर, मग मनगटावर, मग कोपराला नुसता स्पर्श, मग बोटानें खूण, आणि शेवटीं केवळ नजर. महिन्याअखेर आपली मदत किती वाढली, हें पाहूं नये. ती किती उणावली, हें पाहावें.

दुसरा नियम ऐकून कित्येकांना नवल वाटेल. पालकानें शक्यतों स्वतःच्या मुलापाशीं बसूं नये. दुसऱ्याच्या मुलापाशीं बसावें. आई शेजारीं असली, कीं मूल शिक्षकाकडे न पाहतां आईकडे पाहतें. वर्गांतील मुलेंहि त्याला आपल्यांतला न समजतां आईबरोबर आलेला पाहुणा समजतात. शिवाय आपल्या मुलाची चूक दिसली, कीं आईच्या काळजांत कळ येते, आणि ती कळ मुलाला दिसते. दुसऱ्याच्या मुलाची चूक आपण शांतपणें पाहूं शकतों. ज्यांच्या मुलांना कोणतीहि विशेष गरज नाहीं, त्यांनीं ह्या कामांत विशेष करून यावें. त्यांच्या येण्यानें त्यांच्या घरच्या मुलांनाहि एक गोष्ट न सांगतां समजते.

तिसरा नियम जिभेचा. मुलाचें निदान, त्याच्या संवयी, त्याच्या घरची परिस्थिति जें कांहीं कानांवर येईल, तें शाळेच्या फाटकाबाहेर जातां कामा नये. त्याचें छायाचित्र काढून भ्रमणध्वनीवर इकडेतिकडे धाडणें हा तर अपराधच मानावा. चौथा नियम मुलाच्या सुरक्षिततेचा. शाळेनें प्रत्येक स्वयंसेवकाची पडताळणी करावी, आणि कोणीहि एकट्या मुलाला घेऊन बंद खोलींत बसूं नये. काम शिक्षकाच्या नजरेंत चालावें. ह्यांत कोणाचा अपमान नाहीं. पांचवा नियम नियमितपणाचा. मंगळवारीं दहाला येतों म्हटलें, तर मंगळवारीं दहाला यावें. बदल न सोसणाऱ्या मुलाला आपली गैरहजेरी ही एका दिवसाची गैरसोय नसते, तर मोडलेला शब्द असतो. वेळ देणें जमणार नसेल, तर आरंभींच नको म्हणावें.

आतां पुन्हां पायरीवर बसलेल्या त्या आईकडे वळूं. तिला तेथें बसविण्याची अट घालण्याचा अधिकार शाळेला नाहीं. मुलाचा प्रवेश हा त्याचा हक्क आहे, आईच्या हजेरीची ती किंमत नव्हे. तिची रोजची मजुरी बुडते, घरच्या दुसऱ्या मुलाकडे पाहणें होत नाहीं, आणि इतकें करून मुलाला मिळतो तो पहारा. शिक्षण मिळत नाहीं. उलट, स्वयंसेवक मिळाले म्हणून विशेष शिक्षकाची मागणी सोडून देणें, हेंहि तितकेंच घातक आहे. सेवेची सबब करून शासनाला वा संस्थाचालकांना आपलें कर्तव्य टाळूं देऊं नये.

ही मागणी कोठें करावी? शिक्षणहक्काच्या कायद्यान्वयें शासकीय, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिति असते. तिच्यांत तीनचतुर्थांश सभासद पालक, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. वंचित गटांतील मुलांच्या पालकांना तींत प्रमाणशीर जागा आहेत, आणि २०१२ च्या दुरुस्तीनें दिव्यांग मुलांचा समावेश त्या गटांत झाला आहे. तेव्हां पायरीवर बसणाऱ्या त्या आईचें खरें आसन समितीच्या बैठकींत आहे. विनाअनुदानित शाळांना ही समिति सक्तीची नाहीं. तेथें पालक-शिक्षक संघांत हा विषय काढावा. विशेष शिक्षक कोणत्या वारीं येतो, उतरण आहे कीं नाहीं, स्वच्छतागृहाच्या दारांतून चाकांची खुर्ची जाते कीं नाहीं, ह्या मुलांसाठीं वर्षाचा आराखडा केला आहे काय, असे चार साधे प्रश्न विचारावे आणि उत्तरें इतिवृत्तांत लिहून घ्यावीं.

तो मुलगा पुढें काय झाला, हें मला ठाऊक नाहीं. माझा शेरा असलेलें तें पान त्याच्या घरीं कोठें तरी असेल, नसेल. तें आतां फाडतां येत नाहीं. परंतु आज शाळेंत असलेल्या मुलांचीं पुस्तकें अजून कोरीं आहेत. उद्यां आपलें मूल आणावयास शाळेच्या फाटकाशीं उभे राहाल, तेव्हां पायरीवर बसलेल्या त्या बाईंकडे पाहून हळहळूं नका. त्यांच्या शेजारीं बसा. मुलाचें नांव विचारा. त्याला काय आवडतें, तें विचारा. मग मुख्याध्यापकांकडे जाऊन, आठवड्यांतील कोणते दोन तास मी येऊं, एवढें विचारा. असे चार शेजारी मिळाले आणि शाळेनें आपलें काम केलें, कीं ती बाई सकाळीं मुलाला फाटकाशीं सोडून आपल्या कामाला जाईल. आणि तो मुलगा दुसऱ्या मुलांसारखा, कोणाचेंहि बोट न धरतां, पायरी चढून आंत जाईल.