कळलावी : बियांपासून फुलापर्यंत



वसंतातल्या व्याख्यानांत फुलांचा विषय निघाला म्हणजे मोगरा, चाफा, बहावा ही नावे आधी ओठांवर येतात, आणि ते योग्यच आहे. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे ती वेल मात्र या दिवसांत कोठेही दिसावयाची नाही. ती जमिनीखाली निजलेली आहे. मृगाच्या सरी पडल्या की ती डोके वर काढील, श्रावण-भाद्रपदात कुंपणांवर फुलेल, आणि दिवाळी उलटता उलटता पुन्हा दिसेनाशी होईल. तिचे नाव कळलावी. मग वैशाखात तिची आठवण कशासाठी? तर तिचे बी पेरावयाची वेळ हीच आहे म्हणून.

नाव ऐकून काही मंडळींना हसू आले असेल. दोघांत भांडण लावून देणाऱ्याला आपण कळलाव्या म्हणतो. तेव्हा अशा नावाची वेल दारात लावली की घरात कलह माजतो, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आहे. परंतु या नावातली कळ भांडणाची नव्हे, बाळंतपणाची आहे. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून हिच्या कंदाचा लेप लावण्याची जुनी चाल होती, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. संस्कृतात हिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. कंद उकरून पाहिला तर दोन फाटे फुटलेला, नांगरासारखा वाकडा दिसतो. अग्निशिखा हे दुसरे नाव फुलावरून पडले. आपल्याकडे खड्यानाग असेही म्हणतात. वनस्पतिशास्त्रातले नाव ग्लोरिओसा सुपर्बा. लिनियसने १७५३ साली ते रूढ केले, आणि त्यात वैभव व डौल या दोन्ही अर्थांचे शब्द आले आहेत.

फूल पाहिले म्हणजे या नावात अतिशयोक्ती वाटत नाही. सहा पाकळ्या, कडांना नागमोडी चुण्या, आणि सगळ्या पाकळ्या वर वळलेल्या, जणू चुलीतली ज्वाळा. उमलताना फूल हिरवट असते, मग पिवळे होते, मग खालून पिवळे व वर लाल, आणि शेवटी सगळे शेंदरी-लाल. हा रंगांचा प्रवास काही दिवस चालतो, म्हणून एकाच वेलीवर सर्व छटा एकदम दिसतात. आफ्रिका व आशिया या दोन्ही खंडांच्या उष्ण भागांत ही वेल आपसूक उगवते. तमिळनाडूचे हे राज्यपुष्प आहे आणि झिंबाब्वेचे राष्ट्रपुष्प. गोव्यात गणपतीवर जी माटोळी बांधतात तिच्यात रानातल्या फळाफुलांबरोबर हिची फुलेही असतात.

आधी विषाची गोष्ट

लागवडीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कळलावी विषारी आहे; कंद, पान, फूल, बी, सर्वच. आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली आहे. हिच्यातले मुख्य विष कोल्चिसिन. १८२० साली पेल्तिये व कावाँतू या दोघा फ्रेंच रसायनज्ञांनी कोल्चिकम नावाच्या युरोपातल्या एका कंदवर्गीय झाडातून ते वेगळे काढले. ते झाड आणि आपली कळलावी एकाच कुळातली.

हे विष करते काय? आपल्या शरीरात पेशी सारख्या दुभंगत असतात. पेशी दुभंगताना तिच्यातली गुणसूत्रे दोन बाजूंना ओढून नेणारे बारीक तंतू तयार होतात. कोल्चिसिन हे तंतू तयारच होऊ देत नाही. म्हणून जेथे पेशी झपाट्याने दुभंगतात तेथे त्याचा घाव आधी बसतो : आतड्याच्या अस्तरावर, हाडांतल्या मगजावर, केसांच्या मुळांवर. कंद खाल्ल्यावर काही तासांनी ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात, पुढे रक्तातल्या पेशी घटतात, आणि वाचलेल्या रोग्याचे केस आठवड्या-दोन आठवड्यांनी गळू लागतात. श्रीलंकेत रताळ्यासारखा कंद समजून तो खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत.

नवल असे की याच गुणाचा मनुष्याने उपयोगही करून घेतला. सांधे सुजविणाऱ्या गाउट या विकारावर डॉक्टर आजही कोल्चिसिन देतात, परंतु अत्यंत मोजक्या मात्रेत. १९३७ साली अमेरिकेतील ब्लेकस्ली व एव्हरी यांनी दाखविले की झाडाच्या कोंबाला हे द्रव्य लावले तर गुणसूत्रे दुप्पट होतात, पण पेशी दुभंगत नाही. या युक्तीवर पीकसुधारणेची एक शाखाच उभी राहिली. जपानचे किहारा यांनी बिनबियांच्या कलिंगडावरील आपला निबंध १९५१ साली प्रसिद्ध केला, तो याच मार्गाने.

तेव्हा नियम सरळ आहेत. घरात रांगते मूल असेल, किंवा मोकळी गुरे, शेळ्या अंगणात येत असतील, तर ही वेल लावू नये. मूल मोठे होईपर्यंत थांबावे. कंद हाताळताना हातमोजे घालावेत, मागाहून हात साबणाने धुवावेत. कंद व बिया स्वयंपाकघरात ठेवू नयेत. घरगुती औषध म्हणून हिचा कोणताही उपयोग करू नये, आणि बाळंतपणाचा तो जुना लेप तर मुळीच नाही. कोणी चुकून खाल्लेच, तर लक्षणांची वाट पाहत बसू नये; झाडाचा तुकडा बरोबर घेऊन तडक इस्पितळात जावे.

बीच का पेरावे?

कोणी विचारील, कंद लावला तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात फूल दिसते, मग बियांचा लांबचा रस्ता कशाला? याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. कळलावीचा कंद दरवर्षी झिजून संपतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. नव्या कंदाला बहुधा दोन फाटे असतात आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा. म्हणजे एका कंदाचे वर्षभरात फार तर दोन झाले. उलट एका वेलीवर पाच-सात बोंडे धरली तर शंभरावर बिया सहज मिळतात.

आता हाच हिशेब रानाला लावून पाहा. कंदाला औषधी बाजारात मागणी आहे आणि हौशी लोकांनाही कंदच हवा असतो. माणूस टेकडीवर जातो, कुदळीने कंद उकरतो, आणि ती वेल त्या जागेवरून कायमची जाते. बी घेतले तर वेल जागेवर राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा बी देते. तमिळनाडूत करूर, दिंडिगल, धारापुरम या भागांत शेतकरी हिची शेती करतात ती मुख्यतः बियांसाठीच, कारण कोल्चिसिन बियांतही भरपूर असते. तेव्हा आपल्याला कोणी रानातला कंद विकावयास आणला तर तो घेऊ नये. गिऱ्हाईक नसेल तर कुदळही उठणार नाही.

पेरणी

बोंडे कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास पिकतात. हिरवे बोंड पिवळट तपकिरी होऊन सुकते, तीन फाकांनी उलते, आणि आत शेंदरी-लाल गोल बिया दिसतात. बोंड उलू लागले की काढून घ्यावे, बिया सावलीत वाळवाव्यात आणि कागदी पुडीत घालून, वर नाव, तारीख व 'विष' असा शब्द लिहून, उन्हाळ्यापर्यंत उंचावर ठेवाव्यात. ताजे बी लगेच पेरून उपयोग होत नाही. त्याला काही महिन्यांची विश्रांती लागते, आणि ती पुरी झाल्यावर ते अधिक चांगले उगवते. पावसाळ्यात उगवून हिवाळ्यात निजणाऱ्या झाडाला निसर्गाने लावून दिलेली ही शिस्त आहे; भलत्या वेळी उगवले तर कोवळा कोंब उन्हाळ्यात जळूनच जाईल.

वैशाख संपता संपता, किंवा ज्येष्ठाच्या आरंभी, बिया कोमट पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात. सकाळी वरचे लाल, स्पंजासारखे आवरण चोळून काढावे आणि बिया स्वच्छ धुवाव्यात. कुंडीला खाली भोक असलेच पाहिजे. बागेची माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत सम प्रमाणात घ्यावे. बी अर्ध्या इंचाहून खोल जाऊ नये. झारीने हलके पाणी द्यावे. माती ओलसर राहावी, चिखल होता कामा नये. कुंडी उबेच्या परंतु भर उन्हाच्या नसलेल्या जागी ठेवावी.

यापुढे धीर हवा. काही बिया तीन-चार आठवड्यांत उगवतात, काहींना दोन-तीन महिने लागतात, आणि एकाच बोंडातल्या बियाही एका वेळी वर येत नाहीत. 'बी खराब होते' असे म्हणून श्रावणात कुंडी उलथून टाकणारे लोक पुष्कळ असतात.

तीन पावसाळे

पहिल्या वर्षी जे उगवते ते पाहून निराशा होण्याचा संभव आहे. वीतभर काडी, चार-सहा चिंचोळी पाने. ना ताणा, ना कळी. पण खरे काम जमिनीखाली चाललेले असते. दिवाळीनंतर पाने पिवळी पडून झाड वाळते, आणि येथेच बहुतेकांची कळलावी मरते. रोगाने नव्हे, तर मालकाच्या दयेने. झाड सुकले असे वाटून तो पाणी घालू लागतो, आणि आत निजलेला वाटाण्याएवढा कंद कुजतो. पाने पिवळी पडली की पाणी कमी करावे, वाळली की अजिबात बंद करावे, आणि कुंडी कोरड्या सावलीत ठेवून पहिल्या पावसापर्यंत विसरून जावे. विसरावे, पण कुंडीवर चिठ्ठी मात्र लावून ठेवावी, नाहीतर घरातले दुसरे कोणी तिच्यात कोथिंबीर पेरील.

दुसऱ्या पावसाळ्यात वेल उंच होते आणि पानांच्या टोकांना ताणे फुटतात. या वेलीला वेगळे ताणे नसतात. पानाचे टोकच लांब होऊन आधाराला विळखा घालते. म्हणून जाड बांबू तिच्या कामाचा नाही. तुराट्या, बारीक फांद्या किंवा तार द्यावी. बुंध्याशी सावली आणि शेंड्याला ऊन, अशी जागा तिला मानवते. रानात ती झुडपांतून वर येते ती याच सोयीसाठी.

कुंडी बदलावयाची ती कंद निजलेला असताना, वैशाखात. कंद दोन-तीन इंच खोल, आडवा ठेवावा. टोकाचा डोळा फार ठिसूळ असतो; तो मोडला तर त्या फाट्याला दुसरा फुटत नाही. पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे व तांबडे ठिपके असलेल्या अळ्या पाने फस्त करताना दिसतील. त्या काडीने वेचून काढाव्यात. चार कुंड्यांसाठी फवाऱ्याची गरज नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात, क्वचित चौथ्या, फूल येते. ते नीट न्याहाळावे. सहा पुंकेसर चहूकडे पसरलेले असतात, आणि स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात वळून फुलाबाहेर गेलेली असते. आपलेच पराग आपल्याला सहज लागू नयेत, अशी ही रचना आहे. रानात फुलपाखरे हे काम करतात. शहरातल्या गच्चीवर ती येतीलच असे नाही. म्हणून बी हवे असेल तर फूल उमलल्यावर एक-दोन दिवसांत, सकाळच्या वेळी, मऊ कुंचल्याने एका वेलीच्या फुलातले पराग दुसऱ्या वेलीच्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावावेत. तमिळनाडूतल्या शेतांत मजूर हेच काम हातांनी करतात. यासाठी कुंड्या निदान दोन असाव्यात, हे सांगावयास नकोच.

तीन वर्षे पुष्कळ झाली, असे कोणी म्हणेल. परंतु घराशेजारच्या टेकडीवरची कळलावी नाहीशी होण्यास एक सकाळ पुरते. आपण वाढविलेल्या वेलीचे बी चार शेजाऱ्यांना द्यावे, देताना तिचे विष समजावून सांगावे, आणि या गोष्टीवरून शेजाऱ्यांत भांडण लागले तर मात्र त्याचा दोष वेलीवर घालू नये.