बेणारेबाई आणि अनोवा

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात नाटक बसवायचं ठरलं की पहिली सूचना बहुधा फार्सचीच येते. आठवडाभर राबलेल्या माणसांना हसवा, एवढंच मागणं! त्यात वावगं काही नाही. पण आपल्या रंगभूमीने बाईचं गाऱ्हाणं शंभराहून अधिक वर्षं मांडलं आहे, हे इथे वाढणाऱ्या मुलींना कोण सांगणार? त्यांना वाटतं, फेमिनिझम युनिव्हर्सिटीतच भेटतो.

देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ चं. पैशासाठी बाप कोवळी पोर म्हाताऱ्याला द्यायला निघतो. शारदा आक्रोश करते, पण लग्न मोडायला कोदंड लागतो. शिवाय त्या काळी शारदा रंगवायचा तोही पुरुषच! (१९२९ च्या सारडा कायद्याला मात्र या नाटकाचं नव्हे, हरबिलास सारडा यांचं नाव आहे.)

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मधली लीला बेणारे अविवाहित शिक्षिका, गरोदर. बरोबरची नटमंडळी गंमत म्हणून खटला मांडतात आणि बघता बघता तिची शिकार करतात. जबाबदार प्रोफेसर दामले जागेवरच नाहीत! शेवटचं स्वगत तेंडुलकरांनी लिहिलं ते दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहाने, आणि सुलभा देशपांडे यांनी ते गाजवलं. पण नीट पाहा, बाई बोलते तेव्हा सारं कोर्ट गोठलेलं असतं. तिचं म्हणणं आपण ऐकतो, ते ऐकत नाहीत.

घानाच्या लेखिका अमा आटा आयडू (निधन २०२३) यांची ‘अनोवा’ (१९७०) इथे वेगळी पडते. काळ १८७० च्या आसपासचा. आईचा विरोध पत्करून अनोवा मनासारखा नवरा करते. तो गुलाम विकत घेऊन श्रीमंत होतो. तिला ते पटत नाही. मूल नाही म्हणून बोल तिलाच. शेवटी तो ‘निघ’ म्हणतो, तेव्हा दोष आपला नसून त्याचा आहे, हे ती चारचौघांत उघड करते. इथे सगळे ऐकतात. किंमतही जबर: तो स्वतःवर गोळी झाडतो, ती पाण्यात जीव देते. शारदा, बेणारे पुरुषांनी लिहिल्या, अनोवा बाईने. मला तरी हा फरक जाणवतो.

प्रशांत दळवींची ‘चारचौघी’ही पुरुषाचीच, १९९१ ची, २०२२ मध्ये पुन्हा रंगमंचावर आली. त्यातली विद्या नवऱ्याशी फोनवर बोलते, तो प्रवेश कुणीही करून पाहावा. सेटची कटकट नाही, हॉलचं भाडंही वाढत नाही. एक खुर्ची, एक टेलिफोन आणि पाठांतराची तयारी असलेली एक बाई पुरे.