हौसेला मोल नाही, पण हिशेब आहे
जुनी स्पोर्ट्स कार रोजच्या कामाला परवडते काय?

आम्ही कापडाचे व्यापारी. मोटारींच्या धंद्याशी आमचा संबंध माल वाहून नेणाऱ्या टेम्पोपुरताच. तरीही व्यापाराच्या या पानावर आज मोटारीचा विषय घेत आहोत. कारण प्रश्न मोटारीचा दिसत असला तरी तो मुळात खरेदीचा आहे.

कोकणातील अनेक कुटुंबे इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत. आमचा एक भाचाही बर्मिंगहॅमजवळ राहतो आणि एका कारखान्यात पाळीने काम करतो. पहाटेच्या पाळीला बस नसते, म्हणून गाडी हवीच. त्याने फोनवर विचारले, "मामू, नवी गाडी हप्त्याने घेण्यापेक्षा जुनी स्पोर्ट्स कार रोख घेतली तर वाईट काय? किंमत साध्या गाडीएवढीच आहे." आम्ही उत्तर देण्यापूर्वीच त्याने लाल रंगाची चकचकीत गाडी दारात आणून उभी केली होती. वर्षभरात ती भंगारात गेली. तिच्यामुळे चार दिवस कामावर खाडा झाला आणि नोकरीवर गदा येता येता राहिली. त्यानंतर मामा-भाच्यांनी बसून जो हिशेब मांडला, तो वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे देत आहोत.

गाडी कोणती?

सदर गाडी म्हणजे जपानच्या माझदा कंपनीची 'एमएक्स-५'. माझदा हे नाव आपल्याकडे 'स्वराज माझदा'च्या ट्रक व मिनीबसमुळे परिचित आहे. एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघडझाप करणाऱ्या कापडी छताची लहान गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दाखविण्यात आली. पहिली पिढी १९९७ पर्यंत चालली. सुरुवातीचे इंजिन १६०० सीसीचे, शक्ती सुमारे ११५ अश्वशक्ती आणि गाडीचे वजन एक टनाच्या आतबाहेर. एप्रिल २०१६ मध्ये या मालिकेची दहा लाखावी गाडी तयार झाली. दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये एवढा खप दुसऱ्या कोणत्याही गाडीचा झालेला नाही.

ब्रिटनमध्ये या गाड्या दोन वाटांनी आल्या. काही कंपनीने तेथे नव्या विकल्या. बाकीच्या 'युनोस रोडस्टर' या जपानी नावाने, वापरलेल्या स्थितीत, व्यापाऱ्यांनी आयात केल्या. जपानमध्येही वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे सुकाणू उजवीकडेच असते आणि बदल करावा लागत नाही. शिवाय तेथील सरकारी तपासणी खर्चाची असल्याने लोक गाड्या लवकर विकतात. मालाला एका बाजारात भाव नाही आणि दुसऱ्या बाजारात आहे, म्हणजे व्यापारी मध्ये उभा राहणारच.

जुन्याचा भाव, नव्याचा खर्च

या व्यवहारातील पहिले सूत्र असे. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. नवी असताना जी गाडी श्रीमंताच्या दारात शोभत होती, ती वीस वर्षांनी नोकरदाराच्या खिशाला परवडते. मात्र तिचा ब्रेक, क्लच किंवा गिअरबॉक्स बिघडला की बिल येते ते श्रीमंताच्याच गाडीचे. येथे फसगत होते.

उदाहरणार्थ, पोर्शे कंपनीची १९९६ साली आलेली बॉक्सटर घ्या. जुनी बॉक्सटर आज ब्रिटनमध्ये अनेकांच्या आवाक्यात आहे. परंतु तिचे इंजिन आसनांच्या मागे, गाडीच्या पोटात बसविलेले असल्याने बऱ्याच कामांसाठी गाडी वर उचलावी लागते. शिवाय पहिल्या पिढीतील काही गाड्यांत इंजिनमधील एका मधल्या शाफ्टचे बेअरिंग निकामी होते आणि त्यापायी संपूर्ण इंजिन वाया जाऊ शकते. ज्याची रोजी गाडीवर अवलंबून आहे त्याने असा धोका का पत्करावा?

एमएक्स-५ या बाबतीत बरी, कारण तिचे इंजिन माझदाच्याच ३२३ या साध्या घरगुती गाडीच्या इंजिनाच्या घराण्यातले आहे. इंजिन पुढे आहे व बॉनेट उघडले की हात पोचतो. खप मोठा असल्यामुळे सुटे भागही मिळतात. २०१७ मध्ये खुद्द माझदाने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून देण्याची सेवा सुरू केली आणि कापडी छतासारखे काही भाग पुन्हा तयार केले. १६०० सीसीच्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट तुटला तरी वॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडते, पण इंजिन वाचते. तरीही साधारण एक लाख किलोमीटरला बेल्ट बदलावा आणि तो बदलल्याची पावती विक्रेत्याकडे मागावी.

ताका उलगडून पाहा

आमच्या धंद्यात ताक्याची वरची घडी पाहून कोणी सौदा करत नाही. ताका उलगडतो, उजेडासमोर धरतो, काठ तपासतो. भाच्याने वरची घडी पाहिली. रंग नवा होता आणि चाके चमकत होती. पोटात मात्र गंज होता.

या गाडीचा खरा शत्रू इंजिन नव्हे, पाणी. कापडी छतावरचे पावसाचे पाणी आसनांच्या मागील दोन्ही कोपऱ्यांतील नळ्यांतून खाली जाते. या नळ्या पानांनी व धुळीने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे सिलमध्ये साचते आणि मागच्या चाकाजवळ पत्रा आतून कुजतो. वरून रंग मारला की काही महिने कळत नाही. त्यात भर म्हणजे ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर खनिज मीठ टाकतात.

तपासणीची रीत सोपी आहे. गाडी वर उचलून मागच्या चाकापुढील सिल पाहावे व बोटांनी ठोकावे. नळीत हळूहळू पाणी ओतावे. ते त्याच बाजूला मागच्या चाकापुढे खाली पडले पाहिजे. पडले नाही तर सौदा तेथेच थांबवावा. डिकीतील बॅटरीकडेही पाहावे. या गाडीला वायू बाहेर सोडणारी नळी असलेली खास बॅटरी लागते. कोणी स्वस्तातली साधी बॅटरी बसविली असेल तर आम्लाने आजूबाजूचा पत्रा खाल्लेला दिसतो. अगदी सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड आहे आणि तेथील पुली सैल होण्याचा दोष आढळतो. म्हणून इंजिन चालू असताना पुली डगमगते का हे पाहावे.

आयात केलेली गाडी असेल तर मैल दाखविणारा स्पीडोमीटर आणि मागचा धुक्याचा दिवा बसविला आहे का, याची खात्री करावी. जपानी बाजारातील गाड्यांना तो दिवा सहसा नसतो व ब्रिटनमध्ये तो लागतो.

विक्रेत्याच्या शब्दापेक्षा कागद मोठा. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारीची दरवर्षी 'एम.ओ.टी.' तपासणी होते. २००५ पासूनच्या तपासण्यांची नोंद गाडीच्या क्रमांकावरून कोणालाही मोफत पाहता येते. कोणत्या वर्षी गाडी किती मैल चालली होती, कधी नापास झाली, गंजाचा शेरा होता का, हे सर्व तेथे असते. भाच्याच्या पहिल्या गाडीवर दोन वर्षे आधीच गंजाचा शेरा होता. त्याने तो पाहिला नाही. पुढच्या तपासणीत सिल कुजल्यामुळे गाडी नापास झाली आणि दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीच्या जवळ गेला.

रोजच्या धावपळीचा हिशेब

आता खर्चाकडे वळू. समजा, जाऊन-येऊन रोज ५० किलोमीटर आणि वर्षाला कामाचे २३० दिवस. म्हणजे ११,५०० किलोमीटर. ही गाडी लिटरला सरासरी साडेदहा किलोमीटर देते असे धरले तर सुमारे १,१०० लिटर पेट्रोल लागेल. सोळा किलोमीटर देणाऱ्या साध्या लहान गाडीला सुमारे ७२० लिटर पुरेल. लिटरला १.४० पौंड धरल्यास फरक वर्षाला पाचशे पौंडांच्या आसपास. हा फरक अनेकजण सोसू शकतील.

पण मार्ग कोठून जातो, हा प्रश्न पेट्रोलपेक्षा मोठा आहे. लंडनमध्ये ऑगस्ट २०२३ पासून शहराच्या सर्व बरोंमध्ये प्रदूषणाचा कर लागू आहे. युरो-४ प्रमाणात न बसणाऱ्या पेट्रोल गाडीला दिवसाला १२.५० पौंड पडतात. पहिल्या पिढीची एमएक्स-५ या प्रमाणात बसत नाही. २३० दिवसांचे २,८७५ पौंड झाले! बर्मिंगहॅमच्या मध्यवर्ती रिंगरोडच्या आत जून २०२१ पासून असाच कर आहे. तेथे दिवसाला ८ पौंड, म्हणजे वर्षाला १,८४० पौंड. भाच्याचा कारखाना या हद्दीबाहेर आहे म्हणून तो वाचला. हद्दीच्या आत काम असणाऱ्याने पहिल्या पिढीचा नाद सोडून नव्या पिढीची गाडी पाहावी आणि तिच्या क्रमांकावरून कर लागतो का हे खरेदीपूर्वी तपासावे.

विम्याची गोष्ट तर धडा घेण्यासारखी. हौशी जुन्या गाड्यांना स्वस्त विमा मिळतो, पण त्यात मैलांची मर्यादा असते. कामावर ये-जा करण्याची मुभा बऱ्याचदा नसते. भाच्याने स्वस्त म्हणून फक्त घरगुती वापराचा विमा घेतला. कामावर जाताना किरकोळ धडक झाली आणि कंपनीने भरपाई नाकारली. दोष कंपनीचा नव्हे. कागदावर जे लिहिले त्याच्या पलीकडचा वापर आपण केला होता. नोकरीला जाण्यासाठी गाडी वापरायची तर विम्यात तसे स्पष्ट लिहून घ्यावे, चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही.

रोज चालवायची तर

अशी गाडी रोज चालविण्याने खराब होते असे नाही. निष्काळजीपणाने चालविण्याने होते. थंड इंजिन लगेच जोरात पळवू नये. छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही व तेलात ओल राहते, म्हणून तेल वेळेआधी बदलावे. तेल जुने झाले की वरून टकटक आवाज येतो. हिवाळ्यात गाडीची खालची बाजू साध्या पाण्याने धुवावी, पोकळ भागांत गंजरोधक मेण मारावे, पानगळीत नळ्या साफ कराव्यात. मागची खिडकी प्लास्टिकची आहे. थंडीत ती कडक होते, म्हणून छत उतरविण्यापूर्वी तिची चेन उघडावी, नाहीतर चीर पडते. चारही टायर एकाच जातीचे व चांगले असावेत. गाडी हलकी आहे व जोर मागच्या चाकांवर आहे, ओल्या रस्त्यावर तेथे काटकसर नको.

उणिवाही मान्य कराव्यात. जागा दोघांचीच. डिकीत एक मध्यम बॅग. जुन्या गाड्यांत आजच्यासारखी सुरक्षेची साधने नाहीत. घरात मूल असेल आणि गाडी एकच ठेवायची असेल, तर ही गाडी तुमची नव्हे.

भारतातील वाचकांसाठी एक खुलासा. माझदाने ही गाडी येथे विकलेली नाही आणि वापरलेली मोटार परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी असा नियम आहे. तेव्हा तेथून स्वस्तात आणू, हा विचार सोडावा. मात्र येथे कोणतीही जुनी महागडी गाडी घेताना वरील हिशेब तोच राहतो. किंमत विचारण्यापूर्वी भागांचे भाव विचारा आणि गाडीच्या किमतीचा किमान चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. तो ठेवता येत नसेल तर ती गाडी तुम्हाला परवडत नाही, मग तिची किंमत कितीही कमी असो.

महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार, असे आमच्या बाजारात म्हणतात. भाच्याने दुसऱ्यांदा पुन्हा तीच गाडी घेतली. रंग उडालेली, पण सिल सुके, पावत्यांची फाइल जाडजूड आणि विम्यात कामावर जाण्याची नोंद असलेली. किंमत पहिलीपेक्षा जास्त पडली. यंदा तिचा तिसरा हिवाळा आहे आणि पहाटेच्या पाळीला त्याचा अद्याप एकही खाडा झालेला नाही.