चिंचोक्याची खळ आणि चकाडोळा

जगन्नाथाचा डावा डोळा माझ्या हातून लंबगोल झाला. समोर मांडी घालून बसलेल्या चित्रकाराने आधी पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने हिंदीत म्हणाला, "मॅडम, हे तर बलभद्र झाले." शेजारी बसलेली माझी मावशी खुदकन हसली. मला तो विनोद संध्याकाळी पुरीला परतल्यावर कळला. तिघा भावंडांत पुरते वाटोळे डोळे एकट्या जगन्नाथाचे. बलभद्राचे आणि सुभद्रेचे कमळाच्या पाकळीसारखे दोन्हीकडे निमुळते. ओडिया माणसं जगन्नाथाला लाडाने 'चकाडोळा' म्हणतात, चाकासारखे डोळे असलेला. शब्द कानावर पडताच आपलाच वाटतो, कारण ओडियात ळ आहे आणि डोळाही.

नवशिक्याला पहिल्या बैठकीत जगन्नाथच देतात. दिसायला तो सगळ्यांत सोपा. हात म्हणजे पुढे आलेले दोन खुंट, पाय नाहीतच, बोटं काढायची भानगड नाही. उरतात ते दोन डोळे, आणि कुंचल्याने एका दमात वर्तुळ काढायला बसलं की सोपेपणा किती फसवा होता ते कळतं.

रघुराजपूर पुरीपासून दहा-बारा किलोमीटरवर, भार्गवी नदीकाठी. भुवनेश्वरच्या रस्त्यावर चंदनपूरला वळायचं, की नारळीच्या बागांमागे समोरासमोर दोन ओळींत बांधलेली घरं दिसतात. मधल्या पट्ट्यात छोटी-छोटी देवळं, आणि घरांच्या पुढच्या भिंतींवर रामायण, कृष्णलीला, हत्ती-घोडे. गावातल्या बहुतेक घरांत कुणी ना कुणी चित्रं काढतं. २००० साली इंटॅक या संस्थेने याला वारसा-गाव म्हणून पुढे आणलं आणि तेव्हापासून पर्यटकांच्या गाड्या इथे नियमित थांबू लागल्या. ओडिसी नृत्याचे गुरू केलुचरण महापात्र याच गावात, चित्रकाराच्याच घरात १९२६ साली जन्मले. ओडिसी पाहताना अंगाचे बाक पटावरच्या आकृतींसारखे वाटतात, ते काही उगाच नव्हे.

चित्रांच्या वर्गाचं वेड मला या गावाने लावलेलं नाही. त्याआधी एका समुद्रकाठच्या हॉटेलात मी असाच एक वर्ग केला होता. तिथे कॅनव्हासवर रेषा आधीच छापलेल्या होत्या, आम्ही आकड्यांप्रमाणे रंग भरायचे आणि शेवटी फोटो काढायचा. दीड तासात दहाही जणांचं सूर्यास्ताचं चित्र एकसारखं झालं. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या माणसाला त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं, आणि न बसलेल्यालाही नव्हतं. म्हणून रघुराजपूरला पाचशे रुपयांत दोन तासांचा वर्ग ठरवताना मी एकच अट घातली होती, छापील रेषा नकोत.

छापील रेषा नव्हत्या. पण तयार पट होता, तयार रंग होते आणि तयार कुंचला होता. दुपार कलता कलता माझ्या लक्षात आलं की मला जे शिकवलं जात होतं तो या कामाचा शेवटचा आणि सगळ्यांत छोटा भाग होता.

पट म्हणजे कापड. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड, बहुधा साडीचंच. चिंचोके दोन-तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, मातीच्या भांड्यात पाण्याबरोबर शिजवायचे, की जेलीसारखा चिकट लगदा होतो. या खळीने कापडाचे दोन थर एकमेकांना चिकटवायचे. वर खडूच्या भुकटीत तीच खळ कालवून लेप द्यायचा आणि उन्हात वाळवायचा. मग घोटाई. आधी खरखरीत दगडाने, नंतर गुळगुळीत दगडाने, तास अन् तास, पट चामड्यासारखा लवचीक होऊन त्यावर चकाकी येईपर्यंत. चिंचोक्याच्या खळीचं नाव काढताच मावशी म्हणाली, "अगं, आमच्याकडे धनगर घोंगड्याला लावतात तीच की!" तीच. विणून झालेल्या घोंगडीला खळ पाजली की ती ताठ होते, पाणी झेलते. एका झाडाच्या बिया, एकीकडे पावसात मेंढ्यांमागे फिरणाऱ्या माणसाच्या अंगावर, दुसरीकडे देवाच्या चित्राखाली.

रंगांची यादी तर आपल्या बोलीतूनच उचलल्यासारखी. पांढरा शंख कुटून, वाटून, शिजवून. काळा दिव्याच्या ज्योतीवर भांडं उपडं घालून धरलेल्या काजळीचा. तांबडा हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा, तपकिरी गेरूचा. रंग धरून ठेवायला कवठाच्या झाडाचा डिंक. जाड कुंचले म्हशीच्या केसांचे, बारीक उंदराच्या केसांचे. केवड्याचं मूळ ठेचूनही कुंचला करतात. हिंगूळ पाऱ्याचं खनिज आहे आणि हरताळ आर्सेनिकचं, तेव्हा कुंचल्याचं टोक ओठांत धरून अणकुचीदार करण्याची सवय असलेल्या पर्यटकाच्या हाती ते देत नाहीत हे बरंच. आमच्यापुढे बाजारातले बाटलीतले रंग होते. चित्रकाराने ते लपवलं नाही. मोठ्या कामाला दगडाचे रंग, छोट्या आणि स्वस्त वस्तूंना बाटलीचे, असा गावातला सरळ हिशेब त्याने सांगितला.

माझा लंबगोल डोळा त्याने पांढऱ्या रंगाचे दोन फटकारे मारून झाकला आणि म्हणाला, पुन्हा काढा. तेव्हा मला 'हरताळ फासणे' आठवलं. जुन्या पोथ्यांत लेखनिकाची चूक झाली की त्यावर हरताळ लावून ती बुजवत. म्हणजे आज एखाद्याच्या मेहनतीवर हरताळ फासला असं आपण रागाने म्हणतो, त्या शब्दाच्या मुळाशी चूक दुरुस्त करण्याची साधी सोय आहे.

दुसरा डोळाही धड आला नाही. पण यात आणखी एक गंमत होती. चित्रकाराने आम्हाला मध्ये देव काढायला लावला आणि कडेच्या चौकटीची वेलबुट्टी "वेळ उरला तर" म्हणून ठेवली. तो स्वतः उलट करतो. पटावर पहिल्यांदा चौकट बसते, मग आतली जागा वाटली जाते, मग आकृत्या, त्याही पेन्सिलीशिवाय, थेट कुंचल्याने. घरातलं मूल शिकतं तेही कडेकडूनच. वर्षानुवर्षं फुलं, पानं, वेली, आणि देवाच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचायला बराच काळ. आम्ही चेहऱ्यापासून सुरुवात केली, कारण पाचशे रुपये देणारा माणूस दोन तास पानं काढत बसणार नाही. यात फसवणूक काही नाही. पण उलट्या टोकाने शिरलो एवढं भान असलेलं बरं.

मावशी मात्र पानंच काढत बसली. तिला जगन्नाथात रस नव्हता. ती म्हणाली, "मला ती कडेची वेल दाखवा." चित्रकाराने एक वळण काढून दाखवलं, आणि तिने पुढची सात-आठ वळणं न थांबता, सारख्या अंतराने काढली. तो क्षणभर गप्प झाला. मग विचारलं, "आप आर्टिस्ट हैं?" साठ वर्षं रोज दारात रांगोळी घालणाऱ्या बाईने "छे, मला कुठं येतं चित्र" असं उत्तर दिलं. पर्यटनाच्या जाहिरातींत 'नवशिक्यांसाठी' असा जो शब्द असतो, तो वाचला की मला आता तिच्या त्या सात-आठ वळणांची आठवण येते.

तो डिसेंबरातला गुरुवार होता. मार्गशीर्षातल्या गुरुवारी ओडिशात घरोघरी लक्ष्मीची पूजा असते, आणि आपल्याकडेही. मावशीचा उपास होता. चित्रकाराच्या घराच्या पायरीवर त्याच्या आईने तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बोटं बुडवून 'झोटी' काढली होती, लक्ष्मीची पावलं आणि भाताच्या लोंब्या. मावशी खाली वाकून ती बघत राहिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. थोड्या वेळाने पाहिलं तर दोघी मागच्या पडवीत, आणि आई मावशीला खळीचं मडकं दाखवत होती. चित्रकारांच्या घरांत पट तयार करणं, डिंक-रंग बनवणं, सपाट रंग भरणं ही कामं पिढ्यान् पिढ्या बायकांकडे राहिली. चित्राखाली नाव मात्र बहुतेकदा पुरुषाचं. अलीकडे गावात स्वतःच्या नावाने काम करणाऱ्या बायका आहेत, पण पर्यटकाला दाखवायचा 'वर्ग' पुढच्या ओसरीवर भरतो आणि खळ मागच्या पडवीत शिजते.

या गावात पाहुणे आणि चित्रं यांचं नातं आजचं नाही. पुरीला येणारा यात्रेकरू परतताना छोटा पट घेऊन जायचा, त्याला 'जात्री पटी' म्हणत. जगन्नाथ प्रसाद दास या ओडिया कवीने १९८२ साली पुरीच्या चित्रांवर आणि चित्रकारांवर एक इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्यात हा सगळा पसारा सापडतो. पटचित्राचं मूळ काम मात्र देवळातलं. ज्येष्ठ पौर्णिमेला १०८ घडे पाण्याने स्नान झालं की देवांना ज्वर येतो. पंधरा दिवस दर्शन बंद. या 'अनसर' काळात मूर्तींच्या जागी तिन्ही देवांचे पट ठेवून पूजा होते, आणि हे पट पुरीचे वंशपरंपरागत सेवेकरी चित्रकार करतात. पंचांग उघडून पाहिलं तर हा तोच पंधरवडा, ज्यात देहू-आळंदीहून पालख्या निघतात. इकडे आपण देवाकडे चालत निघालेलो, तिकडे देव आजारी आणि त्याच्या जागी कापडावरचं चित्र. आषाढ शुद्ध द्वितीयेला तो बरा होऊन रथात बसतो, आणि नऊ दिवसांनी आपली एकादशी. दशावताराच्या ओडिया पटांवर नवव्या जागी बुद्धाऐवजी जगन्नाथ दिसतो. आपल्या जुन्या दशावतार चित्रांत त्याच जागी विठ्ठल येतो, हे लक्षात घेतलं तर या दोन काळ्या देवांची गाठ कुठेतरी पडते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत छापील तसबिरींनी यात्रेकरूंचा बाजार काबीज केला आणि चित्रकार शेतीकडे, पानमळ्याकडे, मजुरीकडे वळले. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हॅलिना झीली नावाच्या परदेशी बाईंनी हे काम पाहिलं, चित्रकारांना पुन्हा कामाला लावलं आणि गिऱ्हाईक मिळवून दिलं. असंच काहीसं बिहारात आणि आपल्याकडे घडलं, आणि तिथे तर मराठी माणूस होता. १९६६-६७च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकरांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीला पाठवलं, त्यांनी भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांच्या हाती कागद दिला. पुढे सत्तरच्या दशकात तेच डहाणूच्या वारल्यांकडे गेले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं काम जगापुढे आलं. वारली चौक मुळात लग्नात सवाशिणी काढायच्या. कागद आला, तसे पुरुष आले. सावंतवाडीत हाताने रंगवलेल्या पत्त्यांची गंजिफा जवळजवळ संपली होती, ती शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवून पुन्हा उभी केली. रघुराजपूरलाही गोल पत्त्यांची 'गंजपा' रंगवतात. दशावतारी गंजिफेचे १२० पत्ते पाहिलेला कोकणी माणूस तिथे घरी आल्यासारखा उभा राहील.

या प्रत्येक ठिकाणी बाहेरच्या माणसाने आधी चित्र विकत घेतलं. आता बाहेरचा माणूस स्वतः कुंचला मागतो. चित्रकाराला मी विचारलं, यात तुम्हाला परवडतं का? तो म्हणाला, बारकाईच्या कामाला महिना-महिना जातो आणि गिऱ्हाईक घासाघीस करतं. पण जो दोन तास बसून एक डोळा काढतो, तो नंतर घासाघीस करत नाही. मला हे पटलं, कारण मी त्याच्याकडून ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरलेलं एक छोटं चित्र घेतलं आणि किमतीवर एक शब्द बोलले नाही. कोरलेल्या रेषांवर काजळी चोळून तो पुसतो तेव्हा ओरखड्यांत काळा भरून चित्र उठून येतं. ते पाहणं हा माझ्या दृष्टीने त्या दिवसातला सर्वांत सुंदर क्षण होता.

घराच्या एका कोपऱ्यात कडा फुगलेले, डाग पडलेले पट रचून ठेवले होते. ३ मे २०१९ला फणी चक्रीवादळ पुरीजवळ किनाऱ्यावर आदळलं, तेव्हाचे. छपरं उडाली, पाणी शिरलं. खळ पाण्याने विरघळते, थर सुटतात. "फेकवत नाही," एवढंच तो म्हणाला.

जायचं असेल तर दोन तासांचा वर्ग घेऊ नका, दिवस द्या. सकाळी थेट एखाद्या घरी बोला, पट बनताना बघायचा आहे असं सांगा, आणि पाऊस टाळा, कारण ऊन नसेल तर काहीच वाळत नाही.

माझा जगन्नाथ आता दिवाणखान्यात आहे. एक डोळा मोठा, एक लहान. मावशीने सांगलीला परतल्यावर चिंचोके भिजत घातले. मडकं नव्हतं म्हणून पातेल्यात शिजवले, दोन दिवस घरभर वास. जुन्या पातळाचे दोन थर चिकटवले, खडूचा लेप दिला, गच्चीत वाळवला, आणि वरवंट्याने घोटला. आठवड्याने फोन आला. पट गुंडाळताना मधोमध तडकला होता.

"खडू जास्त झाला गं," ती म्हणाली. "पुन्हा भिजत घातलेत."