चोवीस ब्रश, दोन डोळे

लग्नाच्या खरेदीला बदलापूर-अंबरनाथकडची मंडळी अजूनही उल्हासनगर गाठतात. साड्या झाल्या, ड्रेस मटेरियल झाले, जपानी बाजारातून एक फेरी झाली की शेवटचा थांबा मेकअपच्या दुकानाचा. तिथे चेन असलेल्या पाकिटात बारा, अठरा, चोवीस ब्रश ओळीने खोचून ठेवलेले असतात. एवढ्या पैशांत एवढे ब्रश म्हणजे स्वस्तच पडले, असा सोबतच्या मैत्रिणीचा हिशेब असतो. घरी आल्यावर त्यांतले दोन वापरले जातात. बाकीचे कशासाठी आहेत, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारी विचारत नाही.

आयशॅडोचा रंग कोणता, काजळ कोणत्या कंपनीचे, यावर आपण तासभर बोलू. ब्रशकडे मात्र लक्ष जात नाही. वास्तविक बुबुळापासून काही मिलिमीटरवर रोज फिरणारी ही वस्तू आहे. पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथींची रांग असते : वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. प्रत्येक उघडझापीबरोबर त्यांतले तेल अश्रूंच्या थरावर पसरते, म्हणून अश्रू लगेच वाळत नाहीत. ब्रश कसा निवडायचा, हा प्रश्न सौंदर्याइतकाच या कातडीचा आणि या ग्रंथींचाही आहे.

आधी केसांबद्दल. ब्रशचे केस दोन प्रकारचे : प्राण्यांचे किंवा कृत्रिम. बकरी, खार, घोडा अशा प्राण्यांच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात, आपल्या केसांवर असतात तसेच. त्या खवल्यांत कोरडी पावडर अडकून राहते आणि पापणीवर हळूहळू सुटते. म्हणून कोरड्या आयशॅडोसाठी असे ब्रश नावाजले गेले. नायलॉन किंवा पीबीटी या प्लास्टिकचे तंतू गुळगुळीत असतात. त्यांच्यात क्रीम किंवा जेल मुरत नाही, वरच राहते. ओल्या, चिकट मेकअपला म्हणून कृत्रिमच बरे. हल्ली कृत्रिम तंतूंना बारीक नागमोडी वळण देतात, त्यामुळे ते पावडरही चांगली धरतात आणि जुना फरक बराच पुसला गेला आहे. टूथब्रशचे तंतूही नायलॉन आणि पीबीटीचेच असतात, तेव्हा ‘प्लास्टिक’ म्हटल्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही.

‘नॅचरल हेअर’ एवढेच छापून प्राण्याचे नाव गाळलेला ब्रश मात्र मी घेणार नाही. आपल्याकडे चित्रकलेच्या ब्रशांसाठी मुंगसांची बेसुमार शिकार झाली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगूस संरक्षित आहे, त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे, तरी तो चोरून चालतो. शंका असेल तर गळालेला एखादा केस चिमट्यात धरून ज्योतीवर न्या. प्राण्याचा केस भुरभुरत जळतो आणि केस जळल्याचा ओळखीचा उग्र वास येतो. कृत्रिम तंतू वितळून त्याची गोळी होते.

केस कशाचे यापेक्षाही त्यांचे टोक महत्त्वाचे. चांगल्या ब्रशमध्ये प्रत्येक केस टोकाकडे निमुळता होत जातो. जपानमध्ये हिरोशिमाजवळचे कुमानो हे गाव ब्रशांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर केसांची टोके कापत नाहीत, साच्यात केस रचून ब्रशला आकार देतात. २०११मध्ये जपानच्या महिला संघाने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला, तेव्हा सरकारी सन्मानासोबत खेळाडूंना भेट दिले ते कुमानोचे मेकअप ब्रश. स्वस्त ब्रशचे केस आधी बांधून मग कात्रीने समान करतात. अशी कापलेली टोके बोथट राहतात आणि नाजूक कातडीला टोचतात. दुकानात ते ओळखणे अवघड नाही. ब्रश तळहातावर न फिरवता मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवा आणि मग टोकांनी हलकेच दाबा. तिथे टोचला, तर पापणीला टोचणारच. दोन बोटांत धरून केस हळूच ओढा. चार-पाच हातात आले तर परत ठेवा. केस आणि दांडा यांना जोडणारी पत्र्याची नळी हलत असेल तरी परत ठेवा. आत गोंद नीट बसलेला नाही आणि उद्या त्याच फटीत पाणी साठणार. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद या गावात सगळ्यांना पाठ आहे. तेव्हा दांड्यावरच्या छापापेक्षा मनगटावर विश्वास ठेवावा हे उत्तम.

आता किती ब्रश घ्यायचे? रोजच्या वापराला तीन, हौस असेल तर चार. पहिला चपटा, आखूड आणि दाट केसांचा. केस दाट आणि आखूड असले की दाब एका जागी पडतो, रंग गडद बसतो. त्याने पापणीवर रंग थोपटायचा, घासायचा नाही. घासले की पावडर उडते आणि निम्मी गालावर नाहीतर डोळ्यात जाते. दुसरा गोलसर, लांब आणि विरळ केसांचा झुबका, ज्याला दुकानदार ब्लेंडिंग ब्रश म्हणतात. हा खरा कामाचा. पापणीच्या घडीत गाडीच्या वायपरसारखा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवला की दोन रंगांमधली रेघ विरते. तो दांड्याच्या टोकाशी धरायचा. पेन्सिलीसारखा केसांजवळ धरला, की नकळत जोर पडतो. टोकाशी धरला, की तो जोर लावताच येत नाही. बहुतेकींचा मेकअप ‘चिखल’ होतो तो रंगांमुळे नव्हे, या जोरामुळे. तिसरा तिरक्या कापाचा, बारीक आणि ताठ : भुवई भरायला आणि पापणीच्या केसांच्या मुळाशी रेघ ओढायला. चौथा टोकदार, खालच्या पापणीसाठी. एवढे चार चांगले घ्या आणि चोवीसांचे पाकीट दुकानातच राहू द्या.

पन्नाशीपुढे पापणीची कातडी सैल होते. अशा पापणीवर ब्रश ओढला तर कातडी त्याच्याबरोबर सरकते आणि रेघ वाकडी होते. भुवईच्या बाहेरच्या टोकाशी एक बोट हलके टेकवून कातडी स्थिर करावी आणि रंग दाबून लावावा. चमकीचे रंग सुरकुत्या उठावदार करतात, म्हणून त्या वयात मॅट रंग जास्त खुलतात.

रेघेच्या बाबतीत एक गोष्ट आग्रहाने सांगण्यासारखी आहे. काजळ किंवा लायनर पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर लावण्याची आपल्याकडे जुनी सवय. तेलग्रंथींची तोंडे नेमकी तिथेच उघडतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात अ‍ॅलिसन एन्ग यांनी २०१५मध्ये एक साधा प्रयोग केला. चमकीचे लायनर एकदा पापणीच्या केसांच्या बाहेर लावले, एकदा आतल्या कडेवर, आणि अश्रूंत किती कण उतरतात ते पाहिले. आतल्या कडेवर लावल्यावर पाच मिनिटांतच १५ ते ३० टक्के जास्त कण अश्रूंत आले. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना याचा त्रास अधिक, कारण कण लेन्सला चिकटून राहतात. लेन्स मेकअपच्या आधी घालावी आणि मेकअप पुसण्याआधी काढावी. नवरात्रात गरब्याला जाताना लावायची चमकीही डोळ्यांसाठीच बनवलेली हवी. हस्तकलेच्या दुकानातल्या चमकीच्या कडा धारदार असतात, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला त्या ओरखडे पाडतात.

यापुढचा मुद्दा वाटून घेण्याचा. निरांजनावर भांडे पालथे धरून काजळी जमवायची आणि घरातल्या सगळ्या मुलांच्या डोळ्यांत एकाच बोटाने घालायची, ही प्रथा आजी-पणजींच्या काळी घरोघर होती. त्याच काळात देशात, विशेषतः उत्तर आणि पश्चिम भागात, खुपऱ्यांनी म्हणजे ट्रॅकोमाने असंख्य लोक आंधळे होत. बोट, टॉवेल, माश्या यांतून तो जंतू एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जाई. सामायिक काजळ हीही त्याची एक वाट होती. १९६३मध्ये खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हा आजार भारतातून संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले ते थेट ऑक्टोबर २०२४मध्ये. बोटाची जागा आता ब्रशने घेतली आहे, पण एकाच साधनाने अनेक डोळे रंगवण्याची सवय तशीच आहे. हळदीच्या दिवशी नवरीची करवली, मावशी, आत्या, चुलत बहिणी सगळ्यांचे डोळे एकाच लायनरने सजतात.

ब्रिटनच्या अ‍ॅस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी वापरात असलेल्या ४६७ मेकअप वस्तू तपासल्या. त्यांत लिपस्टिक, लायनर, मस्कारा आणि मेकअप लावायचे स्पंज होते. दहातल्या जवळजवळ नऊ वस्तूंत जिवाणू सापडले. स्पंज तर ९३ टक्के लोकांनी कधी धुतलेच नव्हते. हे जिवाणू निरोगी पापणीवर बहुधा काही करत नाहीत. फार तर रांजणवाडी होते, पापणीची कड खाजते. गंभीर प्रसंग येतो तो ओरखडा पडल्यावर. विल्सन आणि एहर्न या अमेरिकी संशोधकांनी १९७७मध्येच दाखवून दिले होते, की मस्काराच्या ब्रशचा बुबुळाला ओरखडा पडला आणि त्या मस्कारात स्यूडोमोनास हा जिवाणू असला, तर बुबुळावर व्रण होतो. हा जिवाणू ओलाव्यात वाढतो, आणि त्याचा व्रण एक-दोन दिवसांत दृष्टी घालवू शकतो.

पार्लरमध्ये म्हणूनच संकोच सोडावा. न्हाव्याकडे नवे ब्लेड मागायला पुरुष पूर्वी लाजत, आज कोणी लाजत नाही. नवरीने आपले लायनर, मस्कारा आणि एक बारीक ब्रश सोबत न्यावा, त्यानेच करा म्हणावे. चांगल्या ब्युटिशियन मस्कारासाठी एकदाच वापरायची काडी ठेवतात आणि जेल, क्रीम आधी स्टीलच्या पट्टीवर काढून घेतात. फवारून पुसलेला ब्रश जिवाणूंपुरता ठीक, पण डोळे येण्याचा विषाणू अल्कोहोलला सहज दाद देत नाही आणि कोरड्या पृष्ठभागावरही बरेच दिवस टिकतो. २०२३च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर डोळ्यांची साथ पसरली, ती अनेकांना आठवत असेल. अशा साथीत पार्लरमध्ये डोळ्यांचा मेकअप टाळलेलाच बरा.

घरचा ब्रश आठ-दहा दिवसांनी धुवायचा, जेल लायनरचा असेल तर त्याहून लवकर. कोमट पाणी, लहान मुलांचा शाम्पू, बोटांनी हलके चोळणे, एवढे पुरते. धुताना केस खाली असावेत, म्हणजे पाणी पत्र्याच्या नळीत शिरून गोंद सुटणार नाही. मग टिपून, टेबलाच्या कडेला केस बाहेर राहतील असा आडवा ठेवून पंख्याखाली वाळवायचा. पेल्यात उभा ठेवला की पाणी मुळाशी उतरते.

बदलापूरच्या पावसात हे एवढे सोपे नसते. जिथे चादरी तीन-तीन दिवस वाळत नाहीत, तिथे ब्रशचे काय! प्राण्यांचा केस अतिदमट हवेत स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी शोषतो, नायलॉन त्याहून खूप कमी, पीबीटी जवळजवळ नाहीच. जून ते सप्टेंबर प्राण्यांच्या केसांचे ब्रश बंद डब्यात सुकवलेल्या तांदळाच्या पुरचुंडीशेजारी ठेवून द्यावेत आणि कृत्रिम ब्रश वापरावेत, हा माझा सल्ला. धुणे रात्री उरका. सकाळी मुळाशी टिश्यू पेपर दाबून पाहा. ओल उमटली तर त्या दिवशी तो वापरू नका. ब्रश बाथरूममध्ये ठेवू नका आणि ओला ब्रश चेनच्या पाकिटात तर मुळीच नको. कुबट वास आला की टाकून द्या.

आता लोकल. बदलापूरहून सीएसएमटी ६८ किलोमीटर, अंबरनाथहून ६०. सकाळी डबे भरून, मुलांना उठवून निघालेल्या बाईला आरशासमोर पाच मिनिटे मिळतात ती लेडीज डब्यात बसायला जागा मिळाल्यावर. तिला ‘घरीच करून निघ’ असे सांगणे सोपे आहे. पण निदान वाटणी तरी करता येते. पावडर, लिपस्टिक गाडीत चालेल. मऊ झुबक्याने आयशॅडोही चालेल. लायनरचा ताठ ब्रश आणि मस्कारा मात्र धावत्या गाडीत नको. कल्याणजवळ गाडी रूळ बदलते तेव्हा बसणारा हिसका या मार्गावरच्या प्रत्येकीला माहीत आहे, आणि तेव्हा हातातले टोक डोळ्यापासून बोटभरही दूर नसते. ते काम ऑफिसात पोहोचल्यावर करावे.

तरी टोक लागलेच, तर डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, लेन्स असेल तर काढा आणि पुन्हा घालू नका. खुपणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे यांतले काही काही तासांत कमी झाले नाही, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. घरात पूर्वीचे उरलेले थेंब घालू नका. त्यांत स्टेरॉइड असले तर जंतूला मोकळे रान मिळते. लायनर, मस्कारा आणि लेन्सची डबी फेकण्याआधी डॉक्टरांकडे घेऊन जा. कोणता जंतू आहे हे शोधायला कधी कधी त्यांचाच उपयोग होतो.