निवासी वाहनघरात विद्युत वाहन चार्जरची जागानिश्चिती : वसई-विरार परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : विद्युत वाहनाचे चार्जिंग बहुधा घरीच आणि रात्री होते. त्यामुळे चार्जर कोठे बसवावा हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही, तो कुटुंबाच्या सुरक्षिततेशी निगडित होतो. प्रस्तुत लेखात झोपण्याच्या जागेपासूनचे अंतर, पावसाचे पाणी व खारी हवा, मीटरपासूनचे अंतर आणि मंजूर भार या चार निकषांच्या आधारे जागानिश्चितीचा विचार केला आहे.

बीजशब्द : विद्युत वाहन, चार्जर, मंजूर भार, अर्थिंग, वसई-विरार.

प्रस्तावना

वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली अस्तित्वात आली आणि २०१४ मध्ये हा भाग नव्याने निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. या परिसरात घरांचे तीन ठळक प्रकार आढळतात. पश्चिम पट्ट्यात आगाशी, निर्मळ, भुईगाव यांसारख्या गावांतील वाडीतली ओटी-पडवीची घरे व बंगले. रेल्वे स्थानकांच्या आसपास वाढलेल्या गृहनिर्माण संस्थांच्या इमारती. आणि पूर्वेकडील दाट वस्तीतील चाळी. या तिन्ही ठिकाणी विद्युत दुचाकी व मोटारी आल्या आहेत. वाहन उभे करण्याची जागा मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी असल्यामुळे चार्जरच्या जागेचा प्रश्नही वेगवेगळ्या रूपात पुढे येतो.

या प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट करणारी एक घटना वसईतच घडली. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई पूर्व भागातील एका घरात विद्युत स्कूटरची बॅटरी बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावली असताना पहाटेच्या सुमारास तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीररीत्या भाजला आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. बिघाडाचे कारण कोणतेही असो, बॅटरी आणि झोपलेला माणूस एकाच खोलीत होते ही वस्तुस्थिती या ठिकाणी निर्णायक ठरली.

१. चार्जरचे स्वरूप आणि संरक्षक साधनांची मर्यादा

मोटारीसाठी भिंतीवर बसवली जाणारी पेटी सर्वसामान्यपणे चार्जर म्हणून ओळखली जाते. तथापि, घरगुती वापराच्या पेटीतून केवळ नियंत्रित प्रत्यावर्ती प्रवाह वाहनाकडे जातो. त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणारा खरा चार्जर वाहनातच असतो. काढता येणाऱ्या बॅटरीच्या दुचाकीत हे काम वेगळ्या लहान चार्जरकडून होते आणि त्यामुळेच बॅटरी घरात नेण्याची सवय लागते.

वायरिंगच्या संरक्षणासाठी दोन साधने वापरली जातात. एमसीबी अतिरिक्त प्रवाह अथवा शॉर्टसर्किट झाल्यास पुरवठा तोडते, तर आरसीसीबी जमिनीकडे होणारी प्रवाहगळती ओळखून माणसाला धक्क्यापासून वाचवते. ही दोन्ही साधने अत्यावश्यक आहेत. परंतु बॅटरीच्या एखाद्या पेशीत अंतर्गत दोष निर्माण होऊन उष्णता अनियंत्रितपणे वाढू लागली, तर त्याची जाणीव या साधनांना होत नाही. पुरवठा तुटल्यानंतरही लिथियम-आयन बॅटरीतील साठवलेली ऊर्जा जळतच राहू शकते. २०२२ मधील आगीच्या घटनांनंतर केंद्र शासनाने बॅटरीविषयक एआयएस-१५६ हे मानक अधिक कडक केले, ही स्वागतार्ह बाब होय. मात्र जुन्या, पाण्यात भिजलेल्या वा आदळलेल्या बॅटरीपासून असलेला धोका केवळ मानकामुळे संपत नाही. अशा वेळी योग्य जागा हेच कुटुंबाचे अखेरचे संरक्षण ठरते.

२. झोपण्याची जागा आणि बाहेर पडण्याचा मार्ग

म्हणून पहिला निकष असा की, चार्जिंगची जागा शयनगृहाला अथवा त्याच्या खिडकीला लागून नसावी. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे : घरातून बाहेर पडण्याच्या एकमेव मार्गावर चार्जिंग होऊ नये. ओटीवर किंवा जिन्याखाली लावलेले वाहन पेटल्यास आतील माणसांची सुटकेची वाटच बंद होते. जागा हवेशीर असावी आणि तेथे लाकूडफाटा, गॅसचे सिलिंडर, रंग वा पेट्रोल यांची साठवण नसावी. प्रवासाहून आल्यावर तापलेली बॅटरी थंड होऊ देऊन मगच चार्जिंग सुरू करणे हितावह असते.

३. पाणी आणि खारी हवा

दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि पश्चिमेस अरबी समुद्र यांनी वेढलेला हा प्रदेश सखल आहे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत नालासोपारा-वसई भागातील रेल्वेमार्ग पाण्याखाली गेला, गाड्या बंद पडल्या आणि अनेक वस्त्यांचा वीजपुरवठा खंडित झाला. या अनुभवाचा उपयोग जागा ठरवताना व्हावयास हवा.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांत २०१९ मध्ये विद्युत वाहनांच्या चार्जिंगविषयी तरतुदी समाविष्ट झाल्या आणि पुढे २०२३ च्या नव्या विनियमांतही या विषयाला स्थान मिळाले. चार्जिंग केंद्रांसाठीच्या या तरतुदींनुसार पुरवठ्याचे सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर असावे, चार्जिंगसाठी उभ्या वाहनाची जोडणी चार्जिंग बिंदूपासून ५ मीटरच्या आत असावी, एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये आणि गळतीसंरक्षक साधन ३० मिलिॲम्पिअरहून अधिक क्षमतेचे नसावे. घरीही हेच निकष पाळणे योग्य ठरते. तथापि ८०० मिलिमीटर ही किमान उंची आहे. ज्या आवारात पूर्वी पाणी भरले आहे, तेथे भिंतीवरील पाण्याच्या खुणा पाहून, शेजाऱ्यांकडे विचारणा करून त्याहून वरची पातळी निवडणे आवश्यक आहे. वाहन उभे राहते ती फरशीही आवारापेक्षा उंच असावी. कारण चार्जर वर राहून बॅटरी पाण्यात बुडाल्यास हेतू साध्य होत नाही.

समुद्राकडील गावांत खाऱ्या हवेमुळे धातूचे स्क्रू, टर्मिनल व पेट्या लवकर गंजतात. गंजलेल्या किंवा सैल जोडणीचा रोध वाढतो. १५ ॲम्पिअर प्रवाह वाहत असताना जोडणीत केवळ ०.१ ओहम रोध निर्माण झाला, तरी तेवढ्याशा जागेत सुमारे २२ वॅट उष्णता सतत तयार होते आणि प्लॅस्टिक वितळू शकते. म्हणून पावसाची झड न लागणारी, पत्र्याखालची जागा व बंदिस्त पेटी निवडावी आणि वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, जोडण्या तपासून घ्याव्यात. पश्चिम पट्ट्यातील वाळूमिश्रित जमीन उन्हाळ्यात कोरडी पडल्यावर अर्थिंगचा रोध वाढतो. त्यामुळे अर्थिंगची मोजणी कोरड्या दिवसांत करणे अधिक उपयुक्त होय.

४. मीटरपासूनचे अंतर आणि मंजूर भार

मीटरपासून चार्जर जितका दूर, तितकी तारेतील विद्युतदाबाची घट अधिक. ३२ ॲम्पिअरच्या, म्हणजे सुमारे ७.४ किलोवॅटच्या चार्जरसाठी २० मीटर अंतरावर ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरल्यास सुमारे ६.३ व्होल्ट घट होते आणि २०० वॅट ऊर्जा तारेतच उष्णतारूपाने वाया जाते. ६ चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास घट सुमारे ४.२ व्होल्टवर, म्हणजे २ टक्क्यांच्या आत येते. याचा अर्थ असा की, अंतराची अडचण जाड तारेने दूर करता येते. धोकादायक जागेची अडचण मात्र कोणत्याही तारेने दूर होत नाही.

मंजूर भाराचाही विचार करावा लागतो. एक वातानुकूलन यंत्र (१.५ किलोवॅट), गीझर (२ किलोवॅट) आणि ३.३ किलोवॅटचा चार्जर एकाच वेळी सुरू असल्यास भार ६.८ किलोवॅट, म्हणजे सुमारे ३० ॲम्पिअर होतो. मंजूर भार याहून कमी असल्यास महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करणे क्रमप्राप्त ठरते. मात्र मोठ्या चार्जरची गरज प्रत्येकाला असतेच असे नाही. रोज ५० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला सुमारे ८ युनिट वीज लागते असे मानल्यास ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर अडीच तास पुरतात. चार्जरसाठी मुख्य पेटीतून स्वतंत्र सर्किट घ्यावे आणि हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे.

५. उदाहरणादाखल एक निर्णय

एका वाडीतील घराची कल्पना करू. चार्जरसाठी तीन जागा उपलब्ध आहेत. पहिली ओटीवर, मीटरपासून ४ मीटरवर. परंतु लगतच शयनगृह आणि घराचा एकमेव दरवाजा आहे. दुसरी विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीत. तेथे पावसाळ्यात पाणी साचते. तिसरी फाटकाजवळच्या उंच जोत्यावरील पत्र्याच्या शेडमध्ये, २० मीटरवर. खर्चाच्या दृष्टीने पहिली जागा स्वस्त, तरीही तिसरीच योग्य ठरते. जाड तारेचा वाढीव खर्च एकदाच करावा लागतो. ओटीवरची जोखीम मात्र रोज रात्री पत्करावी लागते.

६. इमारती आणि चाळी

गृहनिर्माण संस्थेत स्टिल्टखालील वाहनतळावर चार्जर बसवताना संस्थेशी लेखी व्यवहार, स्वतंत्र मोजणी आणि जिन्याच्या तोंडापासून अंतर या बाबी पाहाव्या लागतात. प्रत्येक सभासदाने वरच्या मजल्यावरून तार सोडण्यापेक्षा मीटर खोलीतून सामाईक व्यवस्था करणे सुरक्षित असते. सर्वांत कठीण स्थिती चाळीतील एका खोलीच्या घराची आहे. तेथे वाहनघर नसते, वाहन गल्लीत असते आणि चोरीच्या भीतीने बॅटरी घरात येते. अशा कुटुंबाला केवळ सावधगिरीचा उपदेश पुरेसा नाही. वस्तीच्या मोकळ्या जागेत कुलूपबंद सामाईक चार्जिंगची सोय होणे हाच त्यावरील खरा उपाय होय. तोपर्यंत निदान सर्वजण झोपलेले असताना, अंथरुणाजवळ वा दाराच्या वाटेत बॅटरी चार्जिंगला लावू नये, एवढी दक्षता घेता येते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून जागानिश्चितीचा क्रम स्पष्ट होतो : प्रथम माणसांपासूनचे अंतर व सुटकेची वाट, त्यानंतर पाण्याची पातळी व हवा, मग मंजूर भार आणि सर्वांत शेवटी तारेची लांबी. व्यवहारात हा क्रम बहुधा उलट दिसतो. जवळचा सॉकेट पाहून जागा ठरते आणि इतर विचार मागे पडतात. विद्युत वाहनांचा स्वीकार ही काळाची गरज आहे. ती पूर्ण करताना घरातील झोप निर्धास्त राहावी, यासाठी हा क्रम सुलटा करणे आवश्यक आहे.